परत आलेली जोडी काय सांगते?

कोल्हापुरातून बेंगळुरूला गेलेली चपलेची जोडी आठ-दहा दिवसांनी परत येते. परताव्याच्या कारणाच्या रकान्यात एकच ओळ असते: ‘साइज जुळत नाही’. विक्रेत्याच्या वहीत मात्र बरंच काही चढलेलं असतं. जातानाचं भाडं, येतानाचं भाडं, चुरगळलेलं खोकं, घासलेला तळ आणि तेवढे दिवस अडकून पडलेलं भांडवल. अशा जोड्या वाढू लागल्या की शोध सुरू होतो आणि तो बहुतेक वेळा माणसाचा असतो. कारागिरानं माप चुकवलं, पॅकिंगच्या मुलानं भलतीच जोडी घातली, कुरियरवाल्यानं उशीर केला, गिऱ्हाइकानं चार दिवस वापरून परत केली. कोणाला तरी बोल लागतो, कोणाचे तरी पैसे कापले जातात आणि पुढच्या महिन्यात तेवढ्याच जोड्या पुन्हा दारात येतात. दोषी सापडलेला असतो, कारण सापडलेलं नसतं.

ऑनलाइन विक्रीत अशी गल्लत फार सहज होते. दुकानात गिऱ्हाईक, माल आणि विक्रेता एका छताखाली असतात. काही बिनसलं तर ते तिथंच दिसतं. ऑनलाइन व्यवहारात तेच काम कारागीर, गोदाम, फोटो काढणारा, विक्रीचं संकेतस्थळ, कुरियरचं हब, घरपोच देणारा मुलगा आणि ग्राहक असं वाटलं गेलेलं असतं. एका टप्प्यावर राहिलेली उणीव दोन-तीन टप्पे ओलांडून पुढं कुठंतरी डोकं वर काढते. ज्याच्या हातात ती फुटते, त्याच्यावर आळ येतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं सामाईक मानांकन आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावरून वाद झाला आणि जगभर या चपलेचं नाव पोचलं. मागणी वाढली की ऑर्डरी वाढतात आणि ऑर्डरींबरोबर परतावेही वाढतात. ज्या छोट्या विक्रेत्याचा नफा जोडीमागं मोजका असतो, त्याला एक परतावा पुढच्या कित्येक विक्रींची कमाई गमवायला लावतो. म्हणून मूळ कारण शोधण्याची विद्या मोठ्या कंपन्यांपेक्षा त्यालाच जास्त लागते.

शिरोलीला ठाऊक असलेली विद्या

ही विद्या जपानमध्ये नीट घडली. टोयोटा उद्योगसमूहाचे जनक साकिची टोयोडा यांच्या नावावर ‘पाच वेळा का’ विचारण्याची रीत सांगितली जाते. पुढं टोयोटाचे अभियंते ताईची ओनो यांनी ती कारखान्याच्या रोजच्या कामात रुजवली आणि १९७८ च्या आपल्या पुस्तकात तिचं एक उदाहरण दिलं. यंत्र बंद पडलं. का? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसं वंगण मिळालं नाही. का नाही मिळालं? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. पहिल्याच ‘का’वर थांबणारा माणूस फ्यूज बदलतो आणि थोड्या दिवसांनी पुन्हा फ्यूज बदलतो. पाचव्या ‘का’पर्यंत जाणारा गाळणी बसवतो.

कोल्हापूरला हे नवीन नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमध्ये वाहन उद्योगासाठी ओतकाम होतं. तिथं मोठ्या गिऱ्हाईक-कंपनीनं माल नाकारला की ‘व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस’ करून द्यावंच लागतं. कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या वायूची पोकळी, निघाला तर भट्टीवरच्या माणसाला रागावून भागत नाही. साच्याच्या वाळूत ओलावा किती होता, वायू बाहेर जायला वाट होती का, ओतताना धातूचं तापमान किती होतं, हे तपासावं लागतं. कास्टिंगवर हीट नंबर असतो, त्यामुळं कुठल्या दिवशीच्या कुठल्या ओतातला हा नग आहे हे मागं जाऊन पाहता येतं. ज्या शहराच्या एका टोकाला ही शिस्त इतकी मुरलेली आहे, त्याच शहरातल्या चपलेच्या, गुळाच्या आणि मसाल्याच्या ऑनलाइन विक्रेत्यापर्यंत ती पोचायला हवी. लोखंडाला लागू पडते ती रीत चामड्यालाही लागू पडते.

‘साइज जुळत नाही’च्या मागं

आता तीच रीत परत आलेल्या जोडीला लावून पाहू. जोडी का परत आली? पायात घट्ट झाली. लांबी तर बरोबर होती, मग घट्ट का? पाय रुंद होता आणि पट्टा त्या मानानं आखूड. मग गिऱ्हाइकानं तो नंबर का निवडला? कारण संकेतस्थळावर फक्त नंबर दिसत होता. फक्त नंबरच का? कारण तिथला साचा बुटांसाठी बनवलेला आहे आणि विक्रेत्यानंही पट्ट्याचं माप कधी मोजून ठेवलेलं नाही. का नाही ठेवलं? कारण दुकानात त्याची गरजच पडली नव्हती. गिऱ्हाइकाचा पाय समोर असायचा.

या पाचव्या उत्तरात खरी गोम आहे. कोल्हापुरी चपलेला नाडी नसते, आत मऊ अस्तर नसतं. पाय धरून ठेवतो तो अंगठा आणि आडवा पट्टा. त्यामुळं ती बसते की नाही हे पावलाची रुंदी आणि उंचवटा यांवर ठरतं. नंबर मात्र फक्त लांबी सांगतो. शिवाय वनस्पतिजन्य रसात, म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात, कमावलेलं चामडं वापरानं पायाचा आकार घेतं. म्हणून जुना दुकानदार सांगतो, ‘सुरुवातीला घट्टच घ्या, चार दिवसांत पायाला बसेल.’ गिऱ्हाइकाला तो चार पावलं चालायला लावतो, अंगठा किती रुततो ते बघतो आणि गरज पडली तर दुसरी जोडी काढतो. हे ज्ञान त्याच्या नजरेत आणि जिभेवर असतं. ऑनलाइन विक्रीत चप्पल खोक्यात बसून गेली, हे ज्ञान मात्र दुकानातच राहिलं. घरी खोकं उघडणाऱ्याला पहिल्या दिवशीची घट्ट चप्पल चुकीचीच वाटणार. एक नंबर मोठी मागवली तर ती महिन्याभरात सैल होणार.

याच्या खाली आणखी एक थर आहे. भारतात चालणारे पादत्राणांचे नंबर इंग्रजांच्या काळात आलेल्या पद्धतीचे आहेत. ब्रिटिश पद्धतीत एका नंबरात एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. युरोपीय पद्धतीत तो दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असतो. दोन्हींच्या पायऱ्याच वेगळ्या असल्यानं एकातून दुसऱ्यात रूपांतर करणारा तक्ता कुठं ना कुठं जवळचा आकडा घेऊन वेळ मारून नेतो. आणि मुळात ही मापं भारतीय पावलांवरून ठरलेली नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं मोजली. भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकन पावलापेक्षा रुंद असतं, आणि अरुंद पादत्राण टाळण्यासाठी अनेक जण गरजेपेक्षा लांब नंबर घालतात, असं त्या पाहणीतून दिसलं. त्यावरून ‘भा’ या नावाची, वयोगटांनुसार आठ मापगटांची भारतीय पद्धत सुचवण्यात आली.

म्हणजे बेंगळुरूहून परतलेल्या जोडीचा माग काढत आपण देशाच्या मापनपद्धतीपर्यंत पोचलो. ती बदलणं एकट्या विक्रेत्याच्या हातात नाही. पण मूळ कारण शोधायचं ते आपल्या हातात काय आहे हे कळण्यासाठी. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं कड आखा, लांबी आणि सर्वांत रुंद भागाचं माप सेंटिमीटरमध्ये कळवा, एवढी सूचना नंबराशेजारी देता येते. प्रत्येक नमुन्याच्या पट्ट्याची लांबी मोजून लिहिता येते. ‘पहिले काही दिवस घट्ट वाटेल, मग पायाला बसेल’ ही दुकानदाराची ओळ छापून खोक्यात घालता येते. कारागिराचे पैसे कापण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि न्याय्यही.

पावसाळा, बुरशी आणि पाझरणारा गूळ

दुसरी नेहमीची तक्रार ‘माल खराब निघाला’ ही. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या हवेत सतत ओल असते. त्या दिवसांत चप्पल नीट न सुकता प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद झाली, तर आतला दमटपणा बाहेर पडत नाही आणि प्रवासात बुरशी धरते. वरवर पाहता हा कुरियरचा किंवा पॅकिंगचा दोष वाटतो. पण पिशवीत बंद करायची घाई का झाली? ऑर्डर आल्यावर ठरलेल्या मुदतीत माल निघाला पाहिजे, नाहीतर संकेतस्थळावरचं विक्रेत्याचं रेटिंग घसरतं. हातानं चामडं कापून, वेणी विणून, चामड्याच्या वादीनं शिवून जोडी तयार व्हायला वेळ लागतो. मुदत मात्र यंत्रावर बनणाऱ्या मालाच्या हिशेबानं ठरलेली असते. इथं कारण वचन आणि उत्पादन यांच्या न जुळणाऱ्या वेळांत आहे. पावसाळ्यापुरती पाठवणीची मुदत वाढवून मागणं, सुकवण्यासाठी वेगळी जागा ठेवणं आणि प्लॅस्टिकऐवजी हवा खेळेल असं कापडी किंवा कागदी वेष्टण वापरणं हे त्यावरचे खरे उपाय आहेत.

गुळाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. पार्सलमधला गूळ ओला झाला, पाझरला, काळवंडला, अशी तक्रार आली की वेष्टण बदललं जातं. पण गूळ हवेतलं पाणी का ओढतो? उसाच्या रसातल्या साखरेचा काही भाग आम्लता आणि उष्णतेमुळं फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. त्यांतलं फ्रुक्टोज ओलावा जोरात ओढतं. तोडलेला ऊस गाळपाआधी फार वेळ पडून राहिला, तर ही फूट रस निघण्याआधीच सुरू होते. गुऱ्हाळात रसाची आम्लता चुन्यानं नीट सांभाळली गेली नाही, तर ती आणखी वाढते. म्हणून एकाच वेष्टणात गेलेला गुळाचा एक रवा (ढेप) टणक राहतो आणि दुसरा पाझरतो. दिल्लीतल्या ग्राहकाच्या तक्रारीचं मूळ करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या उसाच्या फडात असू शकतं. कुठला रवा कुठल्या गुऱ्हाळाचा आणि कुठल्या दिवसाचा हे लिहून ठेवलं नसेल, तर ते कधीच कळणार नाही.

पुराचा आठवडा आणि रोजचा उशीर

सगळ्या अडचणी एका जातीच्या नसतात. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेख मांडला, तेव्हा त्यांनी एक फार उपयोगी भेद केला. काही चढउतार व्यवस्थेतच मुरलेले असतात. काही बाहेरून आलेल्या विशेष कारणानं होतात. दोन्हींवरचा इलाज वेगळा असतो.

कोल्हापूरकराला हा भेद पटकन कळेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस वाहतूक थांबली. त्या आठवड्यात पार्सलं अडकली, हे विशेष कारण. त्या उशिरावर चिडून कुरियर कंपनी बदलली, तर काहीच सुधारत नाही. पुराच्या पाण्यात सगळ्यांच्याच गाड्या उभ्या होत्या. तिथं उपाय वेगळा: पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकू लागली की ग्राहकांना आधीच कळवणं, नव्या ऑर्डरींची मुदत वाढवणं, थोडा साठा पुण्यात ठेवणं. उलट, बाराही महिने दर आठवड्याला तेवढीच पार्सलं उशिरा पोचत असतील, तर कारण रोजच्या रीतीत आहे. संध्याकाळी गाडी येण्याआधी माल तयार नसतो, की लेबलावरचा पत्ता अर्धा असतो, हे तिथं जाऊन पाहावं लागेल.

पत्ता, पिनकोड आणि वेलणकर

पत्त्याचा विषय निघाला की एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची पद्धत आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ ला देशभर लागू झाली. त्याआधी पत्रं भलत्या गावी जात. एकाच नावाची गावं अनेक राज्यांत होती, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिले जात. वर्गवारी करणारा कर्मचारी कितीही दक्ष असला तरी चुकणारच होता. वेलणकरांनी कर्मचाऱ्याला दोष न देता पत्त्यातला संदिग्धपणा काढून टाकला. कारण ओळखून केलेला उपाय किती टिकतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्याकडं नाही. आज ऑनलाइन विक्रीचा सगळा डोलारा त्याच सहा आकड्यांवर उभा आहे.

पण आकडे टपाल कार्यालयापर्यंत नेतात, दारापर्यंत नाही. ४१६ या तीन आकड्यांत कोल्हापूरबरोबर सांगली आणि सिंधुदुर्गचाही मोठा भाग येतो. पुढं ‘देवळामागं, पाण्याच्या टाकीजवळ’ असा पत्ता असेल, तर घरपोच देणारा मुलगा फोन करतो. फोन उचलला गेला नाही की पार्सल ‘ग्राहक उपलब्ध नाही’ या शिक्क्यानं परत फिरतं. ऑर्डर घरी आल्यावर पैसे देण्याची असेल, तर ग्राहकाचं मन बदलायलाही मधल्या दिवसांत वाव मिळतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण परताव्याच्या यादीत त्या एकाच नावाखाली येतात. ज्यांची कारणं वेगळी आहेत त्यांना वेगळं मोजल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

वही, काटे आणि एकच बदल

सुरुवात वहीपासून करावी. परत आलेल्या प्रत्येक नगापुढं नमुना, नंबर, कारागीर किंवा उत्पादक, पाठवल्याची तारीख, पिनकोड, पैसे आधी की नंतर आणि ग्राहकाचे स्वतःचे शब्द लिहावेत. संकेतस्थळानं दिलेल्या तयार कारणांवर विसंबू नये. ग्राहक बहुधा यादीतलं पहिलं सोपं कारण निवडतो. मग वर्गवारी करावी. गुणवत्ता-तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी इटालियन अर्थतज्ज्ञ पारेतो यांच्या नावानं एक तत्त्व रूढ केलं: थोडी कारणं बहुतांश नुकसान करतात. शंभर परताव्यांपैकी समजा चाळीस एकाच नमुन्याचे निघाले, तर आधी त्या नमुन्याकडं जावं.

‘पाच वेळा का’ विचारताना एक धोका असतो. प्रश्नांची साखळी एकाच दिशेनं जाते आणि आपल्याला आधीच पटलेल्या उत्तरावर येऊन थांबते. त्यासाठी जपानी प्राध्यापक काओरू इशिकावा यांची माशाच्या काट्यासारखी आकृती कामी येते. कण्याच्या टोकाला तक्रार लिहायची आणि प्रत्येक काट्यावर एक बाजू: माणसं, माल, हत्यारं, पद्धत, मोजमाप, हवामान. एकेक काटा भरताना न सुचलेल्या शक्यता समोर येतात. नुकसानीचं कारण कधी खोक्यातही निघतं. अनेक कुरियर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात आणि येणारं वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर भाडं लावतात. ३२ × २२ × १२ च्या बुटाच्या खोक्याचं असं वजन १.६९ किलो होतं. चपटी कोल्हापुरी जोडी ३० × १३ × ८ च्या खोक्यात बसली तर ते ०.६२ किलोवर येतं. इतके दिवस भाडं चपलेचं नव्हे, रिकाम्या हवेचं भरलं जात होतं.

त्यानंतर जागेवर जावं. सुभाषनगरातल्या कारागिराशेजारी बसून जोडी कशी बनते ते पाहावं, पॅकिंगच्या टेबलापाशी एक संध्याकाळ उभं राहावं, पाच ग्राहकांना स्वतः फोन करावा. आणि कारण सापडल्यासारखं वाटलं तरी ते सिद्ध करून घ्यावं. एका वेळी एकच बदल करावा, निम्म्या नमुन्यांवर करावा आणि उरलेल्या निम्म्यांशी दोन महिन्यांनी तुलना करावी. एकदम चार बदल केले तर परतावे कमी झाल्यावरही कशामुळं झाले ते कळत नाही.

माग काढता आला पाहिजे

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हावं लागतं. ग्राहकासाठी हे आवश्यकच आहे. पण पैसे परत दिले की तक्रार मिटते, कारण मिटत नाही. त्यासाठी माल मागं जाऊन ओळखता आला पाहिजे. लिडकॉम या राज्याच्या चर्मोद्योग महामंडळानं २०२५ मध्ये मानांकित कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर कोड आणला. तो स्कॅन केला की उत्पादक, जिल्हा, वापरलेला कच्चा माल यांची माहिती दिसते. नकली माल ओळखणं हा त्याचा पहिला उपयोग. दुसरा उपयोग तितकाच मोलाचा ठरू शकतो: शिरोलीच्या कास्टिंगवरच्या हीट नंबरचं काम हा कोड चपलेसाठी करू शकेल. एक अट मात्र पाळायला हवी. हा माग सुधारण्यासाठी वापरायचा, कारागिराला दंड करण्यासाठी नाही. शिक्षेची भीती असली की माणूस खरं सांगत नाही आणि खरं कळलं नाही तर कारणही सापडत नाही.

म्हणून एक विनंती. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतल्या गुणवत्ता विभागात काम करणाऱ्यांनी महिन्यातला एक रविवार चप्पल आणि गूळ विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी द्यावा. शिवाजी विद्यापीठाच्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पासाठी एखाद्या विक्रेत्याची परताव्यांची वही घ्यावी. आणि विक्रेत्यांनी पुढची जोडी परत आली की ‘कोणी केलं?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हे होऊ कसं शकलं?’ असं विचारावं. या एका प्रश्नाला खर्च काहीच नाही, आणि कोल्हापुरी चपलेचं नाव टिकवायचं तर तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही.